सातशेचा आकडा

त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथले पुरोहित जुन्या चोपड्या काढून तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. अमेरिकेत पणजोबा शोधायचे तर सरकारी कागद चाळावे लागतात. त्यातून ते रेल्वेत असतील तर नशीबच म्हणायचं!

सुरुवात होते ती एका क्रमांकापासून. अमेरिकन कामगाराला सोशल सिक्युरिटीचा नऊ आकडी क्रमांक असतो. १९६३ पर्यंत रेल्वेवाल्यांना दिलेले क्रमांक ७०० ते ७२८ यांनी सुरू होत. मृत्यूच्या दाखल्यावर असा क्रमांक दिसला, की गडी रेल्वेचा! त्यांचं पेन्शन मंडळच वेगळं होतं. तिथल्या फाइलीत कुठल्या कंपनीत किती वर्षं काम केलं, वयाचा पुरावा, बायकोचं नाव असं बरंच काही मिळतं. जुन्या फायली आता अटलांटाजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण ज्यांनी १९३७ च्या आधीच रेल्वे सोडली, त्यांची फाइलच नाही.

त्यांच्यासाठी जनगणना. १९०० च्या तक्त्यात धंदा, जन्माचा महिना, मुलं किती झाली, त्यातली किती जगली हेसुद्धा आहे. १८९० चे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या आगीमुळे गेले, म्हणजे वीस वर्षांचं भगदाड.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नोंदणीचा कार्ड-कागद. १९१८ साली ४५ वर्षांपर्यंतच्या पुरुषांनी तो भरला. त्यावर मालकाचं नाव आहे, आणि हात, पाय, डोळा गमावला आहे का, हा प्रश्नही. मेकॅनिकलवाल्यांनो, याचं कारण तुम्हाला कळेल. पूर्वी दोन डबे जोडायचे तर ब्रेकमन मधे उभा राहून हाताने कडीत खिळा घालायचा. बोटं जायची, कधी माणूसही जायचा. १८९३ च्या कायद्याने आपोआप जुळणारे कपलर आणि एअर ब्रेक सक्तीचे झाले. त्याआधी कामाला लागलेल्या माणसाच्या कार्डावर त्या प्रश्नापुढे 'हो' दिसलं, तर पुढे काय शोधायचं ते ठरतं: अपघाताची बातमी, कंपनीचे कागद.

आता दुसरी बाजू. १८६९ मध्ये पुरी झालेली सेंट्रल पॅसिफिक रेल्वे ज्यांनी डोंगर फोडून बांधली, ते बहुतांश चिनी मजूर होते, हजारोंच्या संख्येने. कंपनीची पगारपत्रकं शिल्लक आहेत. पण पगार टोळीचा, आणि नाव बहुधा मुकादमाचं! कुठे एखादं नाव असलं तरी 'आ' अमुक असं. हा 'आ' म्हणजे जवळिकीने हाक मारताना नावाआधी लावायचा शब्द. आपल्या मेसच्या वहीत 'पम्या', 'बाळ्या' लिहिलं तर शंभर वर्षांनी कोण कुणाला ओळखणार?

या मजुरांपैकी एकाच्याही हातचं पत्र अजून सापडलेलं नाही. वंशज आता ग्वांगडाँगमधल्या गावांकडे जातात आणि कुळाच्या वह्या उघडतात. तिथे पूर्ण नाव मिळतं. पण तो माणूस पगारपत्रकातल्या कुठल्या मुकादमाच्या टोळीत होता, हे जुळवणं फार अवघड.