जुन्या ट्रकाची दुसरी गिअरपेटी

आपल्याकडची जुनी जीपगाडी ज्याने चालविली आहे, त्याला पायाखालचा क्लच आणि हातातला गिअरचा दांडा ही जोडी चांगली परिचित असते. अमेरिकेतील उघड्या हौद्याच्या छोट्या ट्रकांत, ज्यांना तेथे पिकअप म्हणतात, ही जोडी पुष्कळदा आढळत नाही. गिअर बदलण्याचे काम तेथे गाडीच करते. ऑल्ड्समोबिल कंपनीने आपल्या १९४० सालच्या मोटारींत 'हायड्रामॅटिक' नावाची अशी स्वयंचलित पेटी प्रथम दिली. पुढे ही सोय शेतावर राबणाऱ्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या ट्रकांतही आली. असा ट्रक जुना झाला आणि त्याची पेटी जळाली, म्हणजे धन्यापुढे प्रश्न उभा राहतो: ट्रक भंगारात घालावा, की दुसरी पेटी बसवावी? दुरुस्त केलेल्या पेटीची किंमत कधीकधी जुन्या ट्रकाच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून बसविलेली पेटी टिकणे हाच खरा मुद्दा होय.

उदाहरणादाखल १९८२ ते १९८६ या काळातील शेव्हरले के-१० हा ट्रक घेऊ. जनरल मोटर्सची '७०० आर ४' ही चार गतींची पेटी १९८२ पासून त्यात मिळू लागली. तिच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६ आणि चौथ्याचे ०.७० आहे, म्हणजे चढावर जोर आणि सपाटीवर पेट्रोलची बचत, असे दोन्ही हेतू तीत साधले आहेत.

इंजिन आणि ही पेटी यांच्यामध्ये क्लच नसतो. तेलाने भरलेले एक बंद भांडे असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ताक घुसळताना रवी लोण्याच्या गोळ्याला स्पर्श करीत नाही, तरी ताक फिरते आणि त्याबरोबर गोळाही फिरू लागतो. तसेच येथे इंजिनाकडील पाती तेलाला फिरवितात आणि ते तेल पेटीकडील पात्यांना फिरविते. हेच तेल पुढे दाबाखाली पेटीतील क्लचच्या चकत्या आवळते. तेलाचा दाब हा या यंत्राचा प्राण आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे उलगडते.

बदलीची पेटी निवडताना पहिली चूक होते. दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रकाची पेटी वरून अगदी तशीच दिसते व बाजारात सहज सापडते. परंतु तिचा मागील दंड वेगळा असतो. चारचाकी जोराच्या ट्रकात पेटीच्या मागे 'ट्रान्सफर केस' ही दुसरी पेटी जोडलेली असते. ती पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना जोर वाटून देते. तिच्याशी जुळणारा दंड आणि जोडाचे कवच असेल, तरच बदलीची पेटी उपयोगी पडते. आणखी एक बारकावा असा की, सुरुवातीच्या पेट्यांच्या पुढील दंडाला २७ खाचा आहेत, नंतरच्यांना ३०. एकीचे कन्व्हर्टर दुसरीस चालत नाही.

उतरविण्याच्या कामात कष्ट पुष्कळ असले तरी गूढ असे काही नाही. बॅटरीची तार सोडावी, गाडी भक्कम घोड्यांवर उभी करावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा शुद्ध अविचार होय. पुढचा-मागचा चालकदंड खुणा करून काढावा. ट्रान्सफर केस आधी वेगळी करावी, कारण दोन्हींचे ओझे एकत्र तोलणे अवघड जाते. एकट्या पेटीचेच वजन दीडशे पौंडांच्या आसपास असते. मागचा आडवा आधार काढण्यापूर्वी इंजिनाला खालून टेकू द्यावा. कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडावेत आणि ते पेटीबरोबरच मागे ओढून घ्यावे.

खरी परीक्षा बसविताना होते. कन्व्हर्टर पेटीच्या तोंडात तीन टप्प्यांनी बसते: दोन दंडांच्या खाचा आणि शेवटी तेलपंपाची पकड. हाताने फिरवीत आत ढकलावे, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने आत जाते. शेवटचा टप्पा राहून गेला, तर पेटी इंजिनाला पूर्ण भिडत नाही. अशा वेळी घाईचा मिस्त्री बोल्ट आवळून ती ओढून घेतो. त्यात पंप फुटतो आणि नवी पेटी एक मैलही न धावता निकामी होते. पेटी नुसत्या हाताने इंजिनाला टेकली पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळे फिरले पाहिजे. त्याच्या व इंजिनाच्या चकतीमध्ये सुमारे एक अष्टमांश इंचाची फट राहावी. ती राहिली, म्हणजे ते पुढे ओढून बोल्ट आवळण्यास हरकत नाही.

तरीही कित्येक पेट्या महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जळतात. याचे कारण पेटीबाहेर असते. जळलेल्या चकत्यांची राख व धातूचा चुरा रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या नळ्यांत साचलेला असतो. त्या नळ्या धुतल्या नाहीत, तर तो नव्या पेटीत उतरतो. दुसरे कारण एका साध्या तारेचे. कार्ब्युरेटरपासून पेटीपर्यंत एक तार जाते. जुन्या '३५०' पेटीत अशी तार केवळ खालचा गिअर पाडण्यासाठी असे. त्या सवयीचा माणूस येथेही ती ढिली सोडतो. परंतु '७०० आर ४' मध्ये हीच तार तेलाचा दाब ठरविते. तार ढिली असली की दाब कमी, चकत्या घसरतात व जळतात, आणि दोष मात्र पेटी विकणाऱ्याच्या माथी येतो! इंजिन बंद असताना तारेवरची कळ दाबून सरकती नळी मागे सारावी आणि कार्ब्युरेटरचा दांडा हाताने पूर्ण उघडावा. तार आपोआप योग्य जागी अडकते.

कोरड्या पेटीस व कन्व्हर्टरला मिळून सुमारे अकरा क्वार्ट तेल लागते. ते एकदम ओतू नये. निम्मे ओतून इंजिन चालू करावे, दांडा प्रत्येक जागी क्षणभर थांबवावा आणि थोडे थोडे वाढवावे. शेवटचे माप गाडी सपाटीवर उभी करून, तेल गरम असताना व इंजिन चालू ठेवूनच घ्यावे. ट्रान्सफर केसचे तेल वेगळे भरावे लागते, तेही पाहावे. काही मैल धावल्यावर मापपट्टीवरील तेल लाल व निर्मळ दिसले आणि त्याला जळका वास नसला, तर ट्रकावर ओझे लादावयास हरकत नाही.