कोलोरॅडोकाठी आरव्ही : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

फिनिक्स, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो इथल्या मराठी घरांत आरव्हीच्या सहलीचा विषय निघतो तो बहुधा आई-बाबा भारतातून आले की, म्हणजे मे ते जुलैमध्ये. सगळे एकाच गाडीत मावतात, स्वयंपाकघर सोबत असतं, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तंबूत जमिनीवर झोपावं लागत नाही. बेत छानच आहे. मग कुणीतरी ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेवरचं बकस्किन माउंटन स्टेट पार्क सुचवतं. पार्कर गावाच्या उत्तरेला, कोलोरॅडो नदीच्या थेट काठावर, समोर कॅलिफोर्निया. फोटोत गवत दिसतं, झाडं दिसतात, निळंशार पाणी दिसतं. त्या हिरव्या पट्ट्याची रुंदी किती आहे, हे मात्र फोटोत कळत नाही, आणि इथल्या सहलीबद्दलचे बहुतेक गैरसमज त्यातूनच जन्मतात.

“नदी आहे, म्हणजे गारवा असणारच”

ॲरिझोना राज्यात आजवर नोंदलेलं सर्वाधिक तापमान याच पट्ट्यातलं आहे: लेक हवासू सिटी, २९ जून १९९४, १२८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५३ अंश सेल्सिअस. हे गाव पार्कपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. नदी इथे समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवर वाहते. याच नदीवरचा ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे, म्हणून तिथला उन्हाळा सुसह्य असतो. तो अनुभव इथे लावून चालत नाही. जून-जुलैत ४३-४४ अंश हा इथला रोजचा दिवस, आणि रात्रीही तापलेले डोंगर उष्णता सोडत राहतात. सत्तरीच्या माणसांना अशा हवेत पत्र्याच्या गाडीत ठेवणं मला अजिबात मान्य नाही, मग नदी कितीही जवळ असो. आई-बाबा उन्हाळ्यातच येणार असतील तर नदीचा हट्ट सोडून फ्लॅगस्टाफच्या उंचीवर, पाइनच्या झाडांत जावं. पार्करसाठी नोव्हेंबर आणि मार्च हे महिने उत्तम.

“थंडीत कोण जातं? जागा सहज मिळेल” हे त्याचंच दुसरं टोक. इथला खरा हंगाम हिवाळ्याचा. कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतून निवृत्त मंडळी आपापल्या आरव्ही घेऊन महिनोन् महिने या भागात मुक्कामाला येतात. पार्करच्या दक्षिणेला ३५ मैलांवरच्या क्वार्टझाइटभोवतीचं माळरान जानेवारीत आरव्हींनी भरून जातं. नदीकाठची जागा हवी असेल तर बरेच महिने आधी बुकिंग करावं. आणि स्वेटर सोबत घ्यावेत, कारण जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो.

“वीज आहे ना, मग घरच्यासारखं वापरू”

विजेचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण सहलीतली निम्मी चिडचिड इथेच होते. पार्कमध्ये आरव्हीला दोन तऱ्हांची जोडणी मिळते, ३० ॲम्पची आणि ५० ॲम्पची. दुसरी पहिलीच्या पावणेदोन पट असेल, असं आकड्यांवरून वाटतं. प्रत्यक्षात ३० ॲम्पच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच तार असते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. ५० ॲम्पच्या जोडणीत अशा दोन तारा असतात आणि प्रत्येकीवर ५० ॲम्प मिळतात, म्हणजे १२,००० वॉट. फरक तिपटीहून जास्त आहे. ॲडॅप्टर लावून ५० वाली गाडी ३० च्या खांबाला जोडता येते, पण त्यामुळे वीज वाढत नाही.

आता दुपारचं चित्र पाहा. छतावरचा एक एसी १३ ते १५ ॲम्प घेतो. त्यातच कुणी चहासाठी इंडक्शन लावलं की आणखी १५. तेवढ्यात मायक्रोवेव्ह सुरू झाला की खांबावरचा ब्रेकर पडलाच. म्हणून ३० ॲम्पवर असाल तर कुकर, चहा, फोडणी सगळं गाडीतल्या प्रोपेनच्या शेगडीवर करावं आणि त्या वेळी खिडकी उघडून पंखा चालू ठेवावा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. दाण्याचं कूट आणि वाटण घरूनच करून न्यावं. फ्रिज गॅसवरही चालणारा असेल तर गाडी समतल उभी करणं अत्यावश्यक, कारण त्याचं आतलं द्रव्य गुरुत्वाकर्षणाच्या आधारानेच फिरतं. गाडी कलती असेल तर फ्रिज थंड करत नाही आणि दही-पनीर दुसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागतं. जनरेटरचे तास ठरलेले असतात. तो चालू ठेवून झोपू नये: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना कार्बन मोनॉक्साइडचा सूचक दाबून तपासावा.

“सीवरची नळी जोडली, आता व्हॉल्व्ह उघडाच राहू दे”

हा सल्ला चांगली अनुभवी माणसंही देतात, आणि तो चुकीचा आहे. आरव्हीत तीन टाक्या असतात: पिण्याच्या पाण्याची, बेसिन-आंघोळीच्या पाण्याची ग्रे टाकी आणि संडासाची ब्लॅक टाकी. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला की पाणी निघून जातं, मैला मागे राहतो, आणि वाळवंटातल्या कोरड्या उष्णतेत तळाशी कडक थर धरतो. तो मग सहजासहजी निघत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडावी. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हातमोजे घालावेत. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही वापरू नये. संडासात पाणी वापरण्याची आपली सवय टाकीच्या दृष्टीने चांगलीच आहे, फक्त टाकी लवकर भरते, हे ध्यानात ठेवून मोजणी करावी. प्रत्येक जागेवर सीवर असतंच असं नाही. नसेल तिथे निघताना डंप स्टेशनवर रांग लावावी लागते.

भांडी धुतलेलं पाणी “वाळूत जिरून जाईल” म्हणून बाहेर सोडणंही चूकच. तेल आणि अन्नकण वासावर मुंग्यांना, कोयोटींना ओढून आणतात. पार्कमध्ये त्याला मनाईच आहे.

“संथ पाणी आहे, मुलांना सोडायला हरकत नाही”

पार्कच्या वरच्या अंगाला पार्कर धरण आहे, १९३८ साली पूर्ण झालेलं. त्याची जवळजवळ तीन-चतुर्थांश उंची नदीच्या तळाखाली गाडलेली आहे. ते बांधलं जात असताना पाण्याच्या हक्कावरून ॲरिझोनाच्या गव्हर्नरने १९३४ मध्ये नॅशनल गार्डची तुकडी काठावर पाठवली होती, एवढा या पाण्याचा वाद जुना. आजही धरणामागच्या लेक हवासूतून एका बाजूने लॉस एंजेलिसला आणि दुसऱ्या बाजूने फिनिक्स-टुसॉनला पाणी जातं. खाली सोडलं जाणारं पाणी विजेची मागणी आणि खालच्या शेतांची गरज पाहून तासातासाला कमी-जास्त होतं. पाऊस नसताना, आभाळ निरभ्र असताना काठ भरतो आणि ओसरतो. सकाळी जिथे मूल घोट्याएवढ्या पाण्यात खेळलं, तिथे दुपारी ओढ असू शकते. बारा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं दोन्ही काठांवर कायद्याने बंधनकारक आहे. माझं म्हणणं, पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही काठावर उतरताना ते घालावं. शनिवार-रविवारी बोटींच्या लाटा चांगल्याच आदळतात.

नदीच्या दुसऱ्या भागातल्या अनुभवावरून पाण्याचं तापमानही ठरवू नये. याच नदीवर वर लीज फेरीला ग्लेन कॅन्यन धरणातून, खोलवरून आलेलं पाणी भर उन्हाळ्यातही बरंच थंड असू शकतं.

“वाळवंटात पूर कुठला?” असं विचारणाऱ्यांनी १२ ऑगस्ट १९९७ ची अँटिलोप कॅन्यनची घटना वाचावी. पाऊस मैलोन् मैल दूर पडला आणि कॅन्यनमधले ११ जण पुरात गेले. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मॉन्सूनचा काळ धरतात. कडक जमीन पाणी शोषत नाही, कोरडे ओढे मिनिटांत भरतात. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. अडथळे ओलांडून पुराच्या रस्त्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो, असा कायदाच या राज्यात आहे.

वाटेबद्दल थोडं. फोनवरचा नकाशा कधीकधी थेट धरणावरून पलीकडे नेतो, पण तिथे आरव्ही आणि ट्रेलरना मनाई आहे. नदी पार्कर गावातल्या पुलावरून ओलांडावी. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, कॅलिफोर्निया बदलतं. त्यामुळे हिवाळ्यात दोन काठांत एक तासाचा फरक पडतो, आणि समोरच्या काठावरचा टॉवर मिळाला की फोन परस्पर वेळ बदलतो. पार्क सोडण्याची वेळ ॲरिझोनाची धरावी.

आणि हा भाग “ओसाड, कुणाचाच नाही” असं समजू नये. पार्कर गाव कोलोरॅडो रिव्हर इंडियन ट्राइब्जच्या राखीव प्रदेशात आहे. मोहावे, चेमेवेवी, होपी आणि नावाहो लोकांचा हा प्रदेश १८६५ पासून राखीव आहे, आणि तिथे मुक्काम करायला, मासे धरायला त्यांचा वेगळा परवाना लागतो. गावाच्या दक्षिणेला पोस्टन आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे हजारो जपानी अमेरिकन कुटुंबांना कोंडून ठेवलं होतं. तिथलं स्मारक रस्त्यालगतच आहे. मुलांना घेऊन तासभर तिथे थांबायलाच हवं.

फुगवायची कायाक नेणार असाल तर निघण्याआधी तिच्यातलं पाणी पूर्ण काढा, ती पुसा आणि वाळवा. क्वागा नावाचे बारीक शिंपले २००७ मध्ये लेक मीडमध्ये सापडले आणि आता या पट्ट्यातही आहेत. ते पाइपांच्या आत थर धरतात, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं थोड्याशा पाण्यातूनही दुसऱ्या तलावात पोचतात.