केली बार्न्स: खासगी मालकीचे मातीचे धरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टकोआ गावाजवळच्या ओढ्यावर केली बार्न्स धरण होते. उंची सुमारे ३८ फूट, लांबी ४०० फूट आणि जलाशय जेमतेम ४० एकरांचा. १८९९ मध्ये विजेसाठी येथे दगडी बांध घातला गेला. पुढे तो एका ख्रिस्ती शिक्षणसंस्थेकडे आला. १९३७ नंतर त्याच जुन्या बांधावर मातीचा भराव चढवण्यात आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर धरणाची उंची आणखी वाढवली गेली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली आणि तळे केवळ विरंगुळ्यापुरते उरले. लहान खासगी धरणांचे खरे दुखणे येथेच सुरू होते: धरणातून मिळकत थांबते, देखभालीचा खर्च मात्र थांबत नाही.

मातीच्या धरणातून पाणी पाझरतेच. म्हणून नीट बांधलेल्या धरणात मधला गाभा चिकणमातीचा ठेवतात, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव घालतात, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग करतात आणि पायथ्याशी वाळू-खडीचा थर देऊन पाझराला वाट काढून देतात. पाझर नितळ असेल तर सहसा भिण्याचे कारण नसते. तो गढूळ झाला, की भरावातली माती वाहून जाऊ लागली असे समजावे. पायथ्याशी पडलेली पोकळी आतून जलाशयाच्या दिशेने वाढत जाते आणि अखेर वरचा माथा खचतो. भरावावर वाढलेल्या झाडांची कुजलेली मुळे, घुशींची आणि खेकड्यांची बिळे पाण्याला आयती वाट करून देतात. सांडवा तुंबला तर पाणी माथ्यावरून वाहू लागते. उघड्या मातीला ते फार वेळ सोसत नाही.

६ नोव्हेंबर १९७७ रोजी, चार दिवसांच्या पावसानंतर, रात्री दीडच्या सुमारास केली बार्न्स फुटले. लोंढा १८६ फूट उंचीच्या टकोआ धबधब्यावरून थेट खालच्या, त्याच संस्थेच्या महाविद्यालयाच्या वसाहतीवर कोसळला. ३९ माणसे दगावली. त्यांत लहान मुले बरीच होती.

चौकशीत एकच एक कारण सिद्ध झाले नाही. खालच्या बाजूचा अति खडा उतार घसरला असावा आणि त्याला पाझराची जोड मिळाली असावी, असा निष्कर्ष निघाला. याच उतारावर १९७३ मध्येही घसरण झाली होती. चार वर्षे आधी मिळालेल्या या इशाऱ्याची वेळीच दखल घेतली गेली असती, तर तळे रिकामे करायला पुरेसा अवधी मिळाला असता.

त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी लष्कराच्या अभियंता दलाला देशभरातल्या धोकादायक बिगर-केंद्रीय धरणांची तपासणी सुरू करण्याचा आदेश दिला. धोका ठरवताना धरण फुटल्यास खाली किती जीव जातील, हे पाहिले गेले. धरणाची उंची मोजण्यापेक्षा ही कसोटी अधिक योग्य आहे.

भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मात्र आधी उंचीच पाहतो: तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांसाठी लांबी, साठा, पूरविसर्ग, पाया आणि रचना यांच्या अटी आहेत. १० मीटरपेक्षा कमी उंचीचे धरण, त्याखाली वस्ती असली तरी, या कायद्यात येत नाही.