पदकाआधीचा खर्च

मार्च २०१२ मध्ये पाटण्यात झालेला महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक भारताने इराणला हरवून जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी होत्या. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. हा सन्मान योग्यच होता, पण ते यशानंतरचे बक्षीस होते. अनुदानाची खरी निकड त्याच्या कितीतरी आधी, किशोरी आणि कुमारी गटांत खेळण्याच्या वयात असते. दहावी-बारावीचे क्लास, घरकाम आणि अंधार पडल्यावर मैदानावरून एकटीने परतण्याची काळजी यांपायी अनेक मुलींचा खेळ त्याच वर्षांत सुटतो.

त्या वर्षांचा भार मुंबईत मंडळांनीच वाहिला. दादरचे अमर हिंद मंडळ, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब, शिवशक्ती महिला संघ ही नावे महिला कबड्डीत मानाने घेतली जातात. वर्गणी, स्मरणिकेतल्या जाहिराती, जुन्या खेळाडूंच्या देणग्या यांवर मंडळांचा खेळ चालतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि परळ-लालबागमधली वर्गणी देणारी घरेच ओढगस्तीला आली. पुढे खेळ मातीवरून मॅटवर गेला. मॅट, ती ठेवायला जागा, प्रत्येकीचे बूट असा खर्च वाढला. मुलींच्या संघाला कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छतागृह आणि शक्यतो महिला प्रशिक्षक हवी. अंदाजपत्रकात या बाबी शेवटी ढकलल्या जातात. त्या सर्वांत वर असायला हव्यात, कारण त्यांच्यावाचून मुलगी मैदानावर टिकत नाही.

केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, हातखर्चासाठी मिळतात. बाकीचे प्रशिक्षण, निवास आणि स्पर्धांवर खर्च होतात. मुलींना सामने मिळावेत म्हणून ‘अस्मिता’ लीग भरवल्या जातात. २०१४ ची ‘टॉप्स’ योजना मात्र ऑलिंपिककडे पाहून आखलेली आहे. साहजिकच कबड्डी, खो-खो किंवा शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातला दोरीचा मल्लखांब तिच्या कक्षेबाहेर राहतो.

कंपन्यांच्या निधीची वाट अधिक मोकळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्चावी लागते. त्या कामांत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण येते. निधी घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे प्राप्तिकराच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या हव्यात, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि तिने ‘सीएसआर-१’ अर्ज भरलेला हवा. वर्षानुवर्षे मुली घडवणारे छोटे मंडळ नेमके या कागदांपाशी अडते. लेखापरीक्षण आणि नोंदण्या पूर्ण करून देणारा एखादा सनदी लेखापाल वस्तीतच सापडला, तर ती मदतही देणगीइतकीच मोलाची ठरते.

कबड्डीपटू मुलीला सर्वांत दीर्घकाळ पुरणारा आधार नोकरीचा असतो. रेल्वेने महिला खेळाडूंना तो पूर्वीपासून दिला. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. व्यावसायिक लीगने असा आधार अजून दिलेला नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन संघांची ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झाली, अभिलाषा म्हात्रे तीत एका संघाची कर्णधार होती. पण ती स्पर्धा एका हंगामापुरतीच राहिली.