दहा लिटरांचा समुद्र

बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईला जाणाऱ्या बोटीत पाच-पाच लिटरचे दोन रिकामे डबे घेऊन मी बसलो होतो. शेजारच्या कोळीण मावशींनी विचारले, "मास्तर, पाणी भरायला गोराईला चाललात की काय?"

"हो. समुद्राचे पाणी हवे आहे."

"ते कशाला एवढे लांबून न्यायचे? मिठाची पुडी घ्या आणि नळाखाली धरा!"

बोटीतले सगळे हसले, मीही हसलो. पण विद्यार्थी मित्रांनो, मावशींच्या पुडीने काम भागत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग आपल्या जेवणातल्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार येतात. गोगलगायीला शंख बांधायचा तर कॅल्शियम हवेच. ते मिठाच्या पुडीतून कोठून मिळणार?

मला घरातल्या टेबलावर एक छोटा समुद्र मांडायचा होता. परदेशांतील हौशी लोक दहा-वीस लिटरांच्या काचपात्रात जिवंत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडे तसे करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच पोवळ्याला! प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप-अंदमान आठवतात. पण ते मुंबईच्या खडकांवरही आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी, २०२० साली, वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळवसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे हलविल्या होत्या. तेव्हा माझ्या समुद्रात प्रवाळ नव्हते. काही खडबडीत दगड, दोन लहान समुद्री गोगलगायी आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा एक चिमुकला खेकडा, एवढेच.

पात्राचा तळ ३० सें.मी. लांब व २० सें.मी. रुंद, आणि पाण्याची उंची १७ सें.मी. गुणाकार केलात तर सुमारे दहा लिटर भरतील. पाणी खाडीतले न घेता उघड्या समुद्राच्या बाजूने, भरतीच्या वेळी भरले आणि फडक्यातून गाळले. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. नद्या-नाल्यांचे गोडे पाणी मिसळून किनाऱ्याजवळच्या समुद्राचा खारेपणा तेव्हा बराच उतरलेला असतो.

पहिला महिनाभर पात्रात एकही प्राणी सोडायचा नाही. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. दगडांच्या खाचखळग्यांत राहणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जीवाणूंची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून त्यांनाच पोसायचे! हवेचा छोटा पंप मात्र पहिल्या दिवसापासून चालू हवा. बुडबुड्यांतूनच सगळा ऑक्सिजन विरघळतो, असे पुष्कळांना वाटते. बुडबुड्यांचे मुख्य काम पाणी ढवळून तळाचे पाणी पृष्ठभागाशी आणण्याचे. ऑक्सिजन घेतला जातो तो बहुतांशी तेथे.

दीड महिन्याने दोन गोगलगायी आणि खेकडा आणला. पाणी स्वच्छ, खेकडा खुशीत. पाण्याची पातळी रोज थोडी उतरे, म्हणून साठविलेले समुद्राचेच पाणी मी रोज घालत असे. पातळी पुन्हा जागेवर! महिना उलटला आणि एका सकाळी दोन्ही गोगलगायी तळाशी उलट्या पडलेल्या दिसल्या. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन निपचित पडला होता. संध्याकाळपर्यंत तोही गेला.

वर्गात वीस वर्षे बाष्पीभवन शिकविणाऱ्या माणसाने काय केले होते, ते आता कागदावर मांडू. पंख्याखालच्या त्या पात्रातून रोज सुमारे ३ मि.मी. पाणी उडत होते. पृष्ठभाग ६०० चौ.सें.मी., म्हणजे रोज १८० मि.लि. उडते ते केवळ पाणी. क्षार पात्रातच राहतात. त्या जागी मी १८० मि.लि. समुद्राचे पाणी ओतले, म्हणजे दररोज ६.३ ग्रॅम क्षारांची भर घातली. तीस दिवसांत १८९ ग्रॅम! मुळात दहा लिटरांत ३५० ग्रॅम होते, ते ५३९ झाले. लिटरला ३५ ग्रॅमऐवजी जवळजवळ ५४. पातळी रोज जागेवर येत होती, म्हणूनच मी फसलो.

खाडीकाठच्या मिठागरांत हीच युक्ती मुद्दाम वापरतात. उथळ वाफ्यात समुद्राचे पाणी घ्यायचे, ऊन-वाऱ्याने ते उडू द्यायचे. सुमारे नव्वद टक्के पाणी गेले की मीठ बसू लागते. वाफा उथळ का? बाष्पीभवन पृष्ठभागावर होते. रोज ३ मि.मी. पाणी गेले तर ५ सें.मी. खोल वाफ्यात तो सहा टक्के घाटा, माझ्या पात्रात पावणेदोन टक्के, आणि दोन मीटर खोल हौदात फक्त ०.१५ टक्का. नवशिक्याने लहान पात्रापासून सुरुवात करावी असे आपल्याला वाटते. हिशेब उलटे सांगतो. जितके लहान, तितके ते मिठागराच्या जवळ.

खारेपणा मोजण्यासाठी आर्किमिडीजला बोलवावे. वाळू भरलेली परीक्षानळी गोड्या पाण्यात २० सें.मी. बुडत असेल, तर समुद्राच्या पाण्यात (घनता सुमारे १.०२३) ती साडेचार मि.मी. वर येईल. पण खारेपणा ३५ वरून ४० झाला, तर आणखी जेमतेम पाऊण मि.मी. डोळ्यांना ते काय दिसणार! म्हणून दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखा खाली फुगा आणि वर बारीक देठ हवा. एकूण २० घ.सें.मी. पाणी बाजूला सारणाऱ्या उपकरणाच्या देठाचा छेद ०.१ चौ.सें.मी. असेल, तर तोच फरक सात मि.मी. दिसतो. पडताळा पाहा.

दुसऱ्या खेपेला मी काचेवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून पाण्याच्या पातळीची रेघ मारली आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडे पाणी घातले. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेले, म्हणजे क्लोरीन निघून जातो. पुन्हा दोनच गोगलगायी, एकच खेकडा. खडकावरून अधिक काही उचलायचे नाही, आणि रिकामे शंखही ढिगाने आणायचे नाहीत. दुसऱ्या खेकड्यांची ती घरे असतात. तिघेही पाच महिने हिंडले-फिरले. मेअखेर पावसाचे ढग दिसू लागताच, जेथून आणले त्याच खडकाशी त्यांना सोडून आलो.

एक गोष्ट त्या उन्हाळ्यात मला नडली. पाणी कमी उडावे म्हणून मी पात्रावर काचेचे झाकण ठेवले, तर पातळी टिकली पण पाणी तापू लागले. असे का व्हावे? एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. रोज १८० ग्रॅम पाणी उडत असेल, तर ते पात्र किती वॅटने थंड होत होते, ते काढा. माझे उत्तर पाच आले.