क्षयरोग्याचे घर

२०२५ साल सरले आणि त्याबरोबर एका राष्ट्रीय संकल्पाची मुदतही सरली. जगाने क्षयाच्या उच्चाटनासाठी २०३० पर्यंतचा अवधी घेतला असता भारत हे कार्य पाच वर्षे आधीच तडीस नेईल, अशी घोषणा २०१८ च्या मार्च महिन्यात दिल्ली येथील परिषदेत झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार आपल्या देशात दर लाख लोकांमागे नव्या क्षयरोग्यांची संख्या २०१५ साली २३७ होती, ती २०२४ साली १८७ वर आली. ही घट शेकडा एकवीस इतकी आहे. संकल्प शेकडा ऐंशीचा होता. जगाच्या सरासरीपेक्षा आपण वेगाने पुढे गेलो, हे खरे. आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी एक आजही भारतीय आहे, हेही तितकेच खरे.

मुदत हुकली म्हणून सरकारवर कोरडे ओढणे सोपे आहे. त्याऐवजी आपल्याच संशोधकांनी आपल्यापुढे काय ठेवले आहे, ते पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

१९५० पर्यंत क्षयावरील उपचार म्हणजे आरोग्यधाम, असे समीकरण होते. स्वच्छ हवा, दूध-अंडी, पूर्ण विश्रांती आणि घरापासून दूर राहणे. मिरजेच्या किंवा मदनपल्लीच्या आरोग्यधामात खाट मिळणे ज्यांना शक्य होते, त्यांच्यापुरते हे ठीक होते. पण रोगी लाखांनी आणि खाटा हजारांनी, असा हिशेब असलेल्या देशाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये क्षयोपचार केंद्र निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद ही त्यात भागीदार होती, डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख. शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट पाडण्यात आले. एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच. औषधे दोघांना तीच. वर्षअखेर दोन्ही गटांतील बरे होणाऱ्यांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही, आणि घरी राहिलेल्या रोग्यांमुळे घरच्या माणसांना अधिक लागण झाली, असेही दिसले नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने साऱ्या जगातील आरोग्यधामांची दारे मिटण्यास आरंभ झाला. आपला १९६२ चा राष्ट्रीय क्षय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

मात्र या प्रयोगातून एक उपसिद्धांतही निघाला आणि तो पुढे गरजेपेक्षा अधिक ताणला गेला. घरी राहिलेले रोगी आरोग्यधामातल्यांपेक्षा निकृष्ट अन्न खात होते, तरीही ते बरे झाले. तेव्हा औषध मुख्य, अन्न गौण, असे ठरले. प्रयोगाने सांगितले होते ते इतकेच, की योग्य औषध असेल तर निकृष्ट आहारावरही जंतू मरतात. जंतू मेल्यावर तो माणूस किती दिवस जगतो आणि त्याच्या घरातल्या अर्धपोटी मुलांचे काय होते, हा प्रश्न वेगळा होता. तो विचारला जाण्यास साठ वर्षे लागली.

तो विचारला गेला झारखंडमध्ये. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील (म्हणजे मद्रासच्या त्याच जुन्या केंद्राच्या वारसातील) शास्त्रज्ञ यांनी चार जिल्ह्यांतील २,८०० रोगी व त्यांच्या घरची १०,३४५ माणसे यांचा अभ्यास २०१९ ते २०२२ या काळात केला. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला. घरच्या माणसांना मात्र निम्म्या भागात दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या भागात दिल्या नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण शेकडा एकोणचाळीसने कमी होते. रोग्यांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत शेकडा पाचने वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका शेकडा एकसष्टने कमी आढळला. तीस घरांना शिधा पुरवला, तर एका माणसाचा क्षय टळतो, असा संशोधकांचा हिशेब आहे. तांदूळ आणि डाळ! कोणतीही नवी लस नव्हे, परदेशातून आणलेले यंत्र नव्हे.

मग धोरणाने काय केले? काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ पासून रोग्याच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. कृश रोग्यांसाठी पहिले दोन महिने पूरक आहारही मंजूर झाला. परंतु घरच्या माणसांचा शिधा, ज्यावर झारखंडचा सारा निष्कर्ष उभा आहे, तो 'निक्षय मित्र' या दात्यांच्या उदारतेवर सोडण्यात आला आहे. देणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण ज्या जिल्ह्यात कारखाने आणि धनिक, तेथे दाते मिळतात. नंदुरबारच्या पाड्यावर किंवा गडचिरोलीच्या जंगलात ते कोठून यावेत? देवीची लस वर्गणी काढून टोचली असती, तर देवीचे निर्मूलन झाले असते काय?

आमच्या शिक्षकी पेशाच्या दिवसांत वर्गात एक मुलगा होता. वडिलांना क्षय झाल्याचे त्याने कधी सांगितले नाही. मधल्या सुटीत तो डबा न उघडता नळावर जाऊन पाणी पिऊ लागला, एवढेच आम्ही पाहिले. आणि पाहूनही विचारले नाही. घरातले दूध आणि अंडे, असेल तेव्हा, वडिलांच्या वाट्याला जात होते, हे नंतर कळले. पुढल्या वर्षी त्याची धाकटी बहीण आजारी पडली. रोग्याच्या खात्यात येणारे हजार रुपये अशा घरात काय करतात, याचा अंदाज त्यावरून येईल. ते रोग्याचे राहत नाहीत आणि घरालाही पुरत नाहीत.

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य आज विनामूल्य मिळतेच. दुकान आहे, शिधापत्रिका आहे, गोदाम आहे. उणीव आहे ती डाळीची, आणि क्षयरोग्याच्या कुटुंबाला सहा महिने वाढीव शिधा देण्याच्या आदेशाची. खर्च वाढेल, हा आक्षेप येईलच. त्याने औषधांना प्रतिसाद न देणाऱ्या क्षयाच्या एका रोग्यावरील खर्च शेजारी मांडून पाहावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाढीव शिध्याची नोंद म्हणजे दुकानदाराला आणि पर्यायाने सगळ्या आळीला रोगाची वार्ता. ज्या घरी मुलीचे लग्न ठरायचे आहे, ते घर अशा डाळीला हात लावणार नाही. म्हणून हा शिधा दुकानातून न देता आशा कार्यकर्तीने औषधांबरोबर घरी पोचवणे आम्हांस इष्ट वाटते. तिच्यावरील ओझे पाहता त्याचा वेगळा मोबदला तिला मिळाला पाहिजे, हे ओघानेच आले.

राज्यांनी केंद्राच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२४ च्या पूर्वार्धात क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितलेच होते. औषध जर राज्य विकत घेऊ शकते, तर दीड किलो डाळही घेऊ शकते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने नंदुरबार आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपासून आरंभ करावा आणि वर्षअखेर किती घरांत दुसरा रोगी निघाला, याचा आकडा विधिमंडळापुढे ठेवावा.