पाय रोवून खेळायचा खेळ

पुदुच्चेरीच्या समुद्रावरून फिरून परतत होतो. वाटेत मातीचे छोटे पटांगण लागले. झाडाखाली तीन आजोबा बसलेले. शेजारी मोसंब्याएवढे पोलादी गोळे. बोलणे फ्रेंचमध्ये, पण मध्येच वाद पेटला तो चक्क तमिळमध्ये! मी थबकलो.

हा 'पेतांक'. दक्षिण फ्रान्समधल्या ला सिओता गावी १९०७ च्या सुमारास जन्मलेला. तिथल्या जुन्या खेळात धावत पावले टाकून गोळा फेकत. ज्यूल लनवार या पट्टीच्या खेळाडूला संधिवाताने गाठले आणि धावणे संपले. मग त्याच्यासाठी खेळाचा नियमच बदलला, असे सांगतात. वर्तुळात पाय रोवून उभे राहायचे आणि गोळा टाकायचा! तिथल्या बोलीत 'पेतांक'चा अर्थही तोच, रोवलेले पाय. सहा ते दहा मीटरवर लाकडी गोटी टाकायची, आपला गोळा तिच्याजवळ न्यायचा, नाहीतर दुसऱ्याचा उडवायचा. आधी १३ गुण करील तो जिंकला. आपल्या गोट्यांचा थोरला भाऊच म्हणा ना!

फ्रेंचांनी १९५४ साली या वसाहतीचा कारभार भारताकडे सोपवला. कायदेशीर हस्तांतर झाले १९६२ साली. त्या वेळी काही तमिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व ठेवले. ही मंडळी त्यांतलीच. घर तमिळ, पासपोर्ट फ्रेंच. एक आजोबा तर फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेले.

"नातवंडे खेळतात का?" मी इंग्रजीतून विचारले.

"ती पॅरिसला. सुट्टीत येतात, तेव्हा खेळतात."

"मग आज डाव का नाही?"

"चौथा आजारी आहे. महिन्यापूर्वी आम्ही सहा होतो."

पुढे कोणीच काही बोलले नाही. मग त्या सैनिक आजोबांनी एक गोळा उचलून माझ्या हातात दिला. चांगला पाऊण किलोचा असावा. मी गडबडलो. म्हटले, "मला खेळ येत नाही आणि फ्रेंचही येत नाही."

"पाय हलवू नका, एवढं पुष्कळ आहे."

माझा गोळा गोटीला ओलांडून थेट कुंपणापाशी गेला. तिघेही खदखदून हसले. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो. माझ्यापायी आमची जोडी सपाटून हरली. निघताना आजोबांनी विचारले, "उद्या आहात ना गावात?"

माझे तिकीट रात्रीच्या गाडीचे होते. ते सांगताना जीभ जड झाली.